कट कुणाच्या मागे चालतो? वेगवेगळ्या बाजाचे म्युझिक व्हिडिओ शेजारी ठेवून आपला व्हिडिओ कसा आखायचा

गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी मोबाईल पुढे सरकवतं: "असं काहीतरी हवंय." मोबाईलवर असतो कोरियन पॉपचा गुलाबी सेट आणि गाणं असतं वर्सोव्याच्या होड्यांवरचं. मग दिव्यांवर लावायचे गुलाबी जेल (रंगीत कागद) येतात, गिंबल (कॅमेरा न थरथरता फिरवायचा दांडा) येतो, आणि शेवटी हाती लागतं ते ना धड हे ना धड ते.

दुसऱ्याचं काम बघण्यात गैर काही नाही. चूक बघण्याच्या पद्धतीत असते. रंग, कपडे आणि जागा आधी दिसतात म्हणून आपण तेच उचलतो. उचलण्याजोगी गोष्ट त्याच्याखाली असते: पडद्यावरचं चित्र गाण्यातल्या कुठल्या आवाजाच्या मागे चालतं? लावणीत ते ढोलकी आणि घुंगरांच्या मागे असतं, रॅपमध्ये शब्दाच्या, अभंगात समूहाच्या श्वासाच्या, मेटलमध्ये ड्रमरच्या हातापायांच्या. हे कळलं की एका बाजाची युक्ती दुसऱ्या बाजात नेता येते आणि ती उसनी वाटत नाही. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

आधी आपलं गाणं मोजा

रेफरन्स, म्हणजे नमुन्याचे व्हिडिओ, उघडण्याआधी कागदावर आपल्या गाण्याच्या चार गोष्टी हव्यात: लय, ठेका, भाग आणि शब्दांची दाटी. लय संगीत संयोजकाकडून बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती बीट (ठोके) या हिशेबात, मागून घ्या. तो हाताशी नसेल तर कुठल्याही टॅप टेम्पो अॅपवर तीस सेकंद बोट आपटा.

हिशेब सोपा आहे. ६० भागिले बीपीएम केलं की एका बीटचे सेकंद मिळतात, त्याला फ्रेम रेटने, म्हणजे व्हिडिओत सेकंदाला किती चित्रं आहेत त्या आकड्याने, गुणलं की फ्रेम. १०० बीपीएमला एक बीट ०.६ सेकंदांचा, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत १५ फ्रेम. चार बीटचा बार २.४ सेकंद, ६० फ्रेम. या आकड्यांच्या आधाराने दुसऱ्याचा कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याची जागा, तपासता येतो आणि आपला ठरवता येतो.

ठेका विसरू नका. कोळीगीतांचा झोका बहुतेक वेळा सहा मात्रांच्या अंगाने जातो. तिथे चार-चारच्या हिशेबाने कट टाकले की नाव एका बाजूला आणि वल्हं दुसऱ्या बाजूला अशी गत होते. आवर्तन सहाचं धरा. मात्रा ०.४ सेकंदांची असेल तर पूर्ण आवर्तन ६० फ्रेमचं आणि अर्धं ३० फ्रेमचं. कट पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर बसतो. तयार एडिटिंग टेम्प्लेट बहुतेक चारच्या हिशेबाने केलेले असतात, त्यामुळे इथे ते हमखास दगा देतात.

भाग लिहिताना बारची संख्या लिहा. समजा १०० बीपीएमचं ३ मिनिटं १२ सेकंदांचं गाणं आहे, म्हणजे एकूण ८० बार: सुरुवात ४, पहिलं कडवं १६, हुक (पुन्हापुन्हा येणारी ओळ) ८, दुसरं कडवं १६, हुक ८, मधला ठहराव ८, शेवटचा हुक १६, शेवट ४. हेच गाणं पुढे उदाहरणाला घेऊ.

सहा व्हिडिओ, त्यातला एक फसलेला

वीस रेफरन्स गोळा केले की वीसही बघून होतात आणि एकही समजत नाही. सहा पुरे. दोन आपल्याच बाजाचे, म्हणजे प्रेक्षकाला कशाची सवय आहे ते कळतं. तीन लांबच्या बाजांचे. रॅप करत असाल तर एक लावणी, एक भक्तिगीत, एक इलेक्ट्रॉनिक. सहावा असा निवडा, की गाणं चांगलं आहे पण व्हिडिओ कुणालाच आवडला नाही. याला सर्वात जास्त वेळ द्या, कारण चांगल्या व्हिडिओत युक्ती लपलेली असते आणि फसलेल्यात ती उघडी पडते.

प्रत्येक व्हिडिओ तीन वेळा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून. लय चित्रात असेल तर मुक्यानेही पाय ठेका धरतो. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका आणि कानाला कुठे धक्का बसला ती मिनिटं-सेकंद टिपा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र, आणि टिपलेल्या जागी चित्रात काय घडतं ते पाहा.

यानंतर एक खोडसाळ वाटणारी पण फार कामाची चाचणी. रेफरन्सचा आवाज बंद करा आणि दुसऱ्या खिडकीत आपलं गाणं लावा. चित्र तरीही चपखल बसतंय? मग तो व्हिडिओ ठेक्यावर उभा नाही, वातावरणावर उभा आहे. त्यातून प्रकाश आणि जागेची निवड शिका, एडिटिंग शिकायला जाऊ नका. अगदीच विसंगत वाटत असेल तर तो स्वतःच्या गाण्याला घट्ट बांधलेला आहे, आणि खरं शिक्षण तिथेच आहे.

तक्ता

साध्या स्प्रेडशीटमध्ये सात रकाने करा: शॉट क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी, चौकट म्हणजे वाइड, मिड की क्लोजअप, कॅमेऱ्याची हालचाल, लिपसिंक (गाण्याबरोबर ओठ हलणं) आहे की नाही, आणि कट कशावर पडला. प्रकाशासाठी रकाना नको. प्रत्येक ठिकाणचा एक स्क्रीनशॉट शेजारी चिकटवला की झालं.

युट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली की एक फ्रेम मागे जातो, पूर्णविरामाची दाबली की एक फ्रेम पुढे. फाइल आपलीच असेल तर व्हीएलसीमध्ये ई या कळीने एकेक फ्रेम सरकते. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह आपोआप कट शोधून देतो, पण स्ट्रोब लाइटची चमक त्याला कट वाटते आणि एका चित्रात दुसरं सावकाश विरघळवणारा डिझॉल्व्ह त्याच्या नजरेतून सुटतो. मेटल आणि क्लबच्या व्हिडिओंत त्याच्यावर विसंबू नका. चार मिनिटांच्या, शंभर-सव्वाशे कटांच्या व्हिडिओला हाताने दीड-दोन तास लागतात. सगळा वेळ काढायचा नसेल तर एक कडवं आणि एक हुक एवढंच उतरवा.

सरासरी काढताना एक गफलत होते. २४ सेकंदांच्या मुखड्यात आठ शॉट, म्हणून सरासरी तीन सेकंद, असं लिहून लोक मोकळे होतात. पण त्यातला एक शॉट बारा सेकंदांचा असेल तर उरलेले सात बारा सेकंदांत संपतात, म्हणजे प्रत्येकी जेमतेम पावणेदोन. डोळ्याला जाणवतो तो हा झपाटा आणि तो लांब शॉट यांच्यातला फरक. सरासरीत नेमका तोच हरवतो. म्हणून सर्वात लांब शॉट, सर्वात छोटा शॉट आणि मधला असे तीन आकडे लिहा.

शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. दहा कट निवडा आणि प्रत्येकाच्या तीन फ्रेम आगेमागे कुठला आवाज आहे ते ऐका. २५ फ्रेमच्या हिशेबाने तीन फ्रेम म्हणजे ०.१२ सेकंद. समेवर? शब्दाच्या पहिल्या अक्षरावर? श्वासावर? बऱ्याचदा कट आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी सापडेल. नवीन चित्र डोळ्याला ओळखायला जरा वेळ लागतो, म्हणून जाणते एडिटर तो मुद्दाम आधी टाकतात. दहापैकी सात कट एकाच आवाजाजवळ पडले की त्या व्हिडिओचा मालक, म्हणजे चित्र ज्याच्या मागे चालतं तो आवाज, सापडला.

आता एकेक बाज

लावणीपासून सुरुवात करण्याचं कारण असं, की मराठी माणसाला ती पाठ वाटते आणि तरी ती सर्वात जास्त चुकीची चित्रित होते. बैठकीची आणि खडी हे दोन वेगळे मामले आहेत. बैठकीच्या लावणीत सगळा खेळ अदाकारीचा: भुवई, मान, हाताची बोटं, एका ओळीचे चार अर्थ. तिथे कॅमेरा बसलेल्या कलावंतिणीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, शॉट लांब हवा. ओळीच्या मध्ये कट केला की अर्थ तुटतो. खड्या लावणीत पदन्यास आणि घुंगरू, म्हणून डोक्यापासून टाचेपर्यंत पूर्ण आकृती. घोट्याच्या वर चौकट कापली की अर्धी लावणी कापली गेली.

इथली नेहमीची चूक म्हणजे पदन्यास चालू असताना गिंबल घेऊन नर्तकीभोवती गरगर फिरणं. कॅमेराही फिरतोय आणि पायही, मग जमिनीवर पडलेल्या पावलाचं वजन दिसत नाही. पायांना कॅमेरा स्थिर ठेवा आणि हालचाल चेहऱ्याच्या शॉटला द्या. शटरही, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, बदला: २५ फ्रेमला नेहमीचं १/५० शटर पावलं पुसट करतं, १/१०० ठेवलं की प्रत्येक ठोका लख्ख दिसतो. स्लो मोशनचा मोह पायांवर टाळा, तो पदराच्या गिरकीसाठी राखून ठेवा.

लावणीतली दुसरीकडे नेण्यासारखी गोष्ट म्हणजे सवाल-जवाब. ढोलकीने बोल टाकायचा, पायाने उत्तर द्यायचं. चित्रात आधी हात, मग पाय, आणि दर फेरीला शॉट लहान होत जातो. हाच साचा रॅपर आणि बीट यांच्यात किंवा दोन गायकांत जसाच्या तसा चालतो. नऊवारी नसली तरी.

रॅपमध्ये मालक शब्द. मुंबईच्या गल्लीतल्या रॅपचं चित्रण पाहताना साधनाकडे लक्ष द्या. मुंबईचा रॅपर नेझी याचा २०१४ मधला 'आफत' आयपॅडवर रेकॉर्ड झाला आणि आयपॅडवरच चित्रित झाला. तेव्हाच्या आयपॅडला मागे एकच लेन्स, झूम करायची म्हणजे चित्र फाडून घ्यायचं. अशा साधनाने माणसाच्या जवळ जावंच लागतं आणि मागची वस्ती आपसूक चौकटीत येते. याच्या शेजारी १९९०च्या दशकातले दिग्दर्शक हाइप विल्यम्स यांचे अमेरिकन हिपहॉप व्हिडिओ ठेवा: तिथेही लेन्स रुंद आणि कॅमेरा जवळ, पण कडा गोल वाकवणारी फिशआय लेन्स लावून चकचकीत सेटवर. एकाच युक्तीतून एकाला वस्तीचा पत्ता सांगायचा आहे, दुसऱ्याला या जगाबाहेरचं काहीतरी दाखवायचं आहे. तक्त्यात दोघांपुढे "रुंद लेन्स, जवळ" एवढंच लिहिलंत तर हा फरक निसटेल. म्हणून प्रत्येक युक्तीपुढे "कशासाठी" हे दोन शब्दांत लिहायची सवय लावा.

रॅपच्या लिपसिंकमध्ये एक-दोन फ्रेमची चूकही खुपते, कारण प, ब, म या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात. कलाकाराला सेटवर खरंच मोठ्याने म्हणायला लावा. नुसते ओठ हलवले की जबडा सैल आणि मानेच्या शिरा शांत राहतात, आणि हे प्रेक्षकाला लगेच कळतं. दुसरी भानगड अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर कलाकारापाशी आणि टेली लेन्स लावलेला कॅमेरा ३५ मीटरवर असेल, तर कॅमेऱ्यातल्या आवाजापर्यंत गाणं ०.१ सेकंद उशिरा पोहोचतं. एडिटरने त्या आवाजावरून सिंक जुळवलं की ओठ अडीच फ्रेम पुढे धावतात, आणि दोष रॅपरच्या माथी येतो. लांबचे शॉट वेगळे नोंदवा आणि ते ओठ पाहून सरकवा.

अभंग, भजन, दिंडी. इथे ओळ पुन्हापुन्हा येते आणि प्रत्येक वेळी मोठी होते. फिल्मी सवयीचा दिग्दर्शक दर आवर्तनाला नवीन शॉट शोधत बसतो आणि गाण्याची चढण मारून टाकतो. नीट जमलेल्या भक्तिगीतात चौकट तीच राहते, माणसं वाढतात: एक टाळकरी, मग पाच, मग पखवाजवाला, मग सगळी पावली. आता याच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एखादा व्हिडिओ ठेवा. तिथेही एकच आकृती दर आठ बारांनी थोडी थोडी भरत जाते आणि ड्रॉपला, म्हणजे चढण संपून पूर्ण ठेका कोसळतो तिथे, फुटते. वारकरी आणि डीजे एका तक्त्यात आल्यावर काहींच्या भुवया उंचावतील, पण वाढीचं गणित दोघांचं एकच आहे. पैसे कमी असतील तर कट वाढवण्यापेक्षा माणसं वाढवणं स्वस्त पडतं. चाळीत तर फुकट.

भावगीत म्हणजे चेहरा. १९९०मध्ये आलेला आयरिश गायिका सिनेड ओ'कॉनर यांचा 'नथिंग कम्पेअर्स टू यू' मुख्यतः एका क्लोजअपवर उभा आहे. मराठी भावगीताच्या व्हिडिओत मात्र गायिका झाडाला टेकून, मग बागेत, मग पुन्हा झाडाला. हिंमत करून चेहऱ्यावर थांबायचं तर प्रकाश मोजका हवा. 'कागज के फूल' या १९५९च्या चित्रपटात छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून स्टुडिओत तिरीप आणली होती. ही युक्ती आजही गिरगावातल्या कुठल्याही खोलीत करता येते. दोन बाय तीन फुटांचा आरसा गॅलरीत आणि आत थोडा लोबानाचा धूर. धुराशिवाय तिरीप दिसत नाही, फक्त भिंतीवर डाग पडतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून दहा मीटरवर ती तिरीप मिनिटाला चार-साडेचार सेंटिमीटर चालते. दहा मिनिटांच्या टेकमध्ये चेहऱ्यावरून खांद्यावर. आरशापाशी एक माणूस बसवा आणि भिंतीवर चिकटपट्टीची खूण करा.

रॉक आणि मेटलबद्दल थोडक्यात: वादकाचा हात आणि आवाज जुळलाच पाहिजे, कारण बघणाऱ्यांतले निम्मे स्वतः गिटार वाजवतात. ढोलकी आणि तबल्यालाही हेच लागू, फक्त आपल्याकडे ते कुणी पाळत नाही. उजव्या तबल्यावरचा "ना" वाजतोय आणि हात डाव्या डग्ग्यावर! मेटलवाल्यांकडून उचलायचं ते म्हणजे वाद्यावरच बसवलेला छोटा कॅमेरा. ढोलकीच्या कडीला अॅक्शन कॅमेरा बांधला की शाईवर बसणारी बोटं अशी दिसतात, जशी मैफिलीत पहिल्या रांगेतूनही दिसत नाहीत. खाली रबराची घडी घाला, नाहीतर प्रत्येक थापेला चित्र थरथरतं आणि खोडाचा आवाजही बदलतो.

अॅनिमेशनच्या प्रेमात पडण्याआधी फ्रेम मोजा. आ-हा या नॉर्वेच्या बँडच्या १९८५च्या 'टेक ऑन मी'साठी सुमारे ३००० फ्रेम हाताने रेखाटाव्या लागल्या आणि त्याला १६ आठवडे गेले. आपल्या उदाहरणातल्या गाण्याचा आठ बारांचा ठहराव १९.२ सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं धरली तरी २३०. एवढ्यावर भागवा.

उचलायचं किती

तक्ते झाले की प्रत्येक व्हिडिओखाली एकच वाक्य लिहा, आणि त्यात रंग, कपडा, जागा यांचं नाव येता कामा नये. "दर आवर्तनाला माणसं वाढतात, चौकट हलत नाही." "हात विचारतो, पाय सांगतो, शॉट लहान होत जातो." असं वाक्य जमत नसेल तर त्या व्हिडिओत तुम्हाला फक्त त्याची श्रीमंती आवडली आहे, बाजूला ठेवा.

या सहा वाक्यांतून दोन घ्या. तीन घेतली की व्हिडिओ प्रदर्शनासारखा दिसतो. दोन्हींपैकी एक तरी लांबच्या बाजातून आलेलं असावं. कल्पना किंवा शैली कुणाच्या मालकीची नसते, पण मांडणी असते; सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या आर. जी. आनंद खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे. शॉटमागून शॉट, तोच क्रम, तेच कपडे असं केलंत तर "प्रेरणा" हा शब्द वाचवायला येणार नाही.

आता आपलं ८० बारांचं गाणं. समजा मराठी रॅप आहे, विषय चाळीतला पाण्याचा वेळ. घेतलेल्या दोन युक्त्या: लावणीचा सवाल-जवाब आणि अभंगाची वाढती माणसं. सुरुवातीचे चार बार एक शॉट. पहिलं कडवं चार-चार बारांचे चार शॉट, प्रत्येकी ९.६ सेकंद, शब्दांना जागा. हुकमध्ये दर बारला कट, आठ शॉट: रॅपर, कळशीवर पडणारी थाप, रॅपर, बादली. दुसऱ्या कडव्यात दोन-दोन बारांचे आठ. पुन्हा हुकचे आठ. ठहरावात एकच शॉट, १९.२ सेकंद, नळाची रांग, चौकट स्थिर, माणसं येत राहतात. शेवटच्या हुकला दर अर्ध्या बारला कट, बत्तीस शॉट. शेवट एक. एकूण ६३.

त्रेसष्ट हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. एकाच सेटअपमधून, म्हणजे कॅमेरा आणि दिवे एकदा लावून, हुकचे दहा तुकडे निघतात. प्रत्यक्षात बारा-चौदा सेटअप लागतात आणि एका जागेवर, चार-पाच जणांच्या युनिटला, ते एका दिवसात होतात. जागा दोन झाल्या की मुंबईत तो दिवस वाहतुकीत जातो.

शूटच्या आधी मुंबईचे अडथळे

वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून २५ फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० शटर. मोबाईल बहुधा ३० फ्रेमवर आणि स्वयंचलित शटरवर असतो. त्यातून चित्रावर वरखाली सरकणारे पट्टे येतात आणि ते एडिटिंगमध्ये जात नाहीत. ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा अॅप घेतलं तर फ्रेम रेट आणि शटर दोन्ही हातात राहतं. स्लो मोशनमध्ये लिपसिंक हवं असेल तर ५० फ्रेमला १/१०० वर शूट करा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा; २५ वर आणलं की ओठ मूळ गाण्याला बसतात. दुप्पट वेगाचा ट्रॅक आदल्या दिवशी तयार ठेवा आणि कलाकाराला ऐकवा, ऐन वेळी कुणालाच ते जमत नाही.

चौपाटीवर सूर्य पाण्यात मावळतो, उगवताना तो इमारतींमागे असतो. त्यामुळे सोनेरी उजेडासाठी संध्याकाळ, आणि तोही उजेड सूर्य गेल्यावर वीस-बावीस मिनिटांत संपतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. शनिवारी पाहिलेली ओली वाळू पुढच्या शनिवारी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. एसी गाडीतून कॅमेरा काढला की काच धुरकटते. पोहोचल्यावर बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा, पुसत बसू नका.

परवानग्या जागेप्रमाणे: रस्ता आणि चौपाटीला महापालिका व पोलीस, फलाटाला रेल्वे, ससून डॉकसारख्या चालू बंदराला बंदराचं प्रशासन, चाळीला सोसायटीचं लेखी पत्र. गोरेगावच्या चित्रनगरीतून सरकारची एक खिडकी योजना चालते, आधी तिथे विचारा. ड्रोन डोक्यातून काढा. पोलिसांचे मनाई आदेश आणि विमानतळाची हद्द यांत बहुतेक मुंबई येते.

रंगाची तक्रार सर्वात जास्त ऐकू येते: "रेफरन्ससारखा निळा आला नाही." रेफरन्समधला निळा भिंतीचा, कपड्यांचा आणि दिव्यांचा होता, ग्रेडिंगने, म्हणजे शूटनंतरच्या रंगकामाने, फक्त हात फिरवला. पिवळ्या डिस्टेंपरच्या खोलीत विकतचा लट (LUT, तयार रंगसाचा) टाकला की भिंत हिरवट होते आणि माणूस आजारी दिसतो. चादर आणा, पडदा बदला, तेवढ्यावर निम्मं काम होतं.

उभा व्हिडिओही लागणार असेल तर ते आधीच ठरवा. आडव्या १६:९ मधून उभी ९:१६ चौकट कापली की रुंदीचा जेमतेम ३२ टक्के भाग उरतो. लावणीची पूर्ण आकृती त्यात ऐटीत बसते. दिंडी बसत नाही, रांगही नाही. आपल्या ठहरावाच्या शॉटला म्हणूनच कॅमेरा जिन्यावरून खाली लावायचा. रांग चौकटीत उभी येते आणि दोन्हींत चालते.

शूटच्या दोन-तीन दिवस आधी मोबाईलवर तीस सेकंदांचा कच्चा तुकडा करा: कडव्याचा शेवट आणि हुकची सुरुवात. कलाकार नसेल तर शेजारचा मुलगा उभा करा. तो तुकडा आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा, ज्याने गाणं ऐकलेलं नाही, आणि टेबलावर ठेका वाजवायला सांगा. तो बरोबर समेवर आला तर शॉटलिस्ट युनिटला पाठवा. चुकला तर हुकचे कट दोन फ्रेम अलीकडे आणून पुन्हा दाखवा, पण दुसऱ्या माणसाला. पहिल्याला आता गाणं पाठ झालेलं असतं.